सदनिका तीनशे चारची उकड

नीलाताईंच्या घरातला तो पाव रखमाबाईंनी बोटानं दाबला, आणि तो हळूहळू परत वर आला. सगळं बिघडलं ते तिथं.

वर आला नसता तर काही झालं नसतं. रखमाबाईंनी अडुसष्ट वर्षांत पुष्कळ पाव दाबले होते. शहाडच्या टपरीवरचा पाव एकदा दाबला की दबलेलाच राहतो, गरीब माणसासारखा. हा मात्र कापसाच्या नव्या गादीसारखा. आतून पांढराशुभ्र, वरून मधासारखी चकाकी, चव अगदी जराशी गोड, आणि दात लावायच्या आधीच तोंडात नाहीसा. रखमाबाईंना राग आला. दुसऱ्याच्या घरी चांगलं खायला मिळालं की त्यांना आधी राग येतो, चव मागून येते.

"चायनीज मिल्क ब्रेड म्हणतात याला, आजी," नीलाताई म्हणाल्या. "आमच्या खालच्या बेकरीत मिळतो. घरी नाही हो जमत. टेक्निक लागतं त्याला."

आता रखमाबाई घोडबंदर रोडच्या त्या बाविसाव्या मजल्यावर काही पाव खायला गेल्या नव्हत्या. त्यांच्या नातीचं, संचिताचं, नीलाताईंच्या मुकुलशी ऑफिसातच जमलेलं. लग्नाबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते साखरपुडा कुठं करायचा याबद्दल. रखमाबाई म्हणत होत्या, मुलीकडचा मान आहे, शहाडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मांडव घालू, घरचं जेवण करू. नीलाताई म्हणत होत्या, खालीच आमचं क्लब हाऊस आहे, एसी आहे, केटरर आहे, तुम्हाला कशाला त्रास? 'कशाला त्रास' हे शब्द त्यांनी चार वेळा वापरले. रखमाबाईंची शाळा तिसरीपर्यंत झालेली. चौथीतही गेल्या असत्या, पण मास्तरांशी पटलं नाही. तरी 'कशाला त्रास'चा अर्थ लावायला तिसरी पुरते. तुमच्याकडचं नको, असा तो अर्थ.

त्यातच हे 'घरी नाही हो जमत'.

"न जमायला काय झालं?" रखमाबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी रविवारच आहे. या हातांनी करून आणते. आणला तर साखरपुडा शहाडला, आमच्या गच्चीवर. नाही जमला तर तुमच्या क्लब हौसात. मग मी तोंडातून ब्र काढणार नाही."

मुलानं, सुदेशनं, आईकडे पाहिलं. सुनेनं, रसिकानं, सुदेशकडे पाहिलं. महिपतरावांनी पावाकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात 'मी ब्र काढणार नाही' हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि पाव बिघडला तर किती बरं, असा विचार त्यांच्या मनाला शिवून गेला. नंतर त्यांनी तो कबूल केला नाही. पण रखमाबाईंना नवऱ्याच्या मनातलं ऐकू येतं, तोंडातलं नाही आलं तरी.

दुसऱ्या दिवशी संचितानं फोनवर व्हिडिओ लावून दिला. एक चिनी बाई पाव करत होती. ती काय बोलते ते कळायची सोय नव्हती, पण रखमाबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईचे हात बघायचे असतात, तोंड तिच्या नवऱ्यानं बघावं. त्या बाईनं पातेल्यात दूध घेतलं, चमचाभर मैदा टाकला, मंद आचेवर ढवळत बसली, आणि दोन मिनिटांत त्याचा चकचकीत गोळा झाला.

"थांब थांब! मागं घे जरा," रखमाबाई ओरडल्या. "अगं, ही तर उकड काढतेय!"

"त्याला तांगझाँग म्हणतात, आजी. तेच तर सिक्रेट आहे. त्यानं ब्रेड मऊ राहतो."

"तुझ्या पणजीला नाव माहीत नव्हतं, पण भाकरी मऊ राहत होती. तांदळाच्या पिठाची उकड काढल्याशिवाय आमच्याकडे कधी भाकरी झाली का? मोदक झाला का? हे टेक्निक म्हणे!" त्यांनी पदर खोचला. "कोकणातून कुणीतरी बोटीनं गेली असणार तिकडं, पाटावर बसून शिकवून आली असणार."

चीनच्या इतिहासात ही भर घालून त्या कामाला लागल्या.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला अर्धा तास लागला. पाव कुणालाच येत नव्हता, पण सल्ला सगळ्यांना येत होता. दुसऱ्या मजल्यावरून दही घाला असा निरोप आला. पहिल्या मजल्यानं सोडा सुचवला. समोरच्या तीनशे तीनमधल्या गंगुबाई तर थेट ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या इथल्या मूळच्या गावकरी. ही बिल्डिंग उभी आहे तिथं त्यांच्या सासऱ्याचं शेत होतं, म्हणून बिल्डिंगमधल्या कुठल्याही स्वयंपाकघरात आपण घरमालकिणीच्या नात्यानं जाऊ शकतो असं त्या समजतात.

"काय गो रखमाबाय, पाव फुगवायचाय ना? मंग ताडी घाल. आमच्या गावात ताडीशिवाय पीठ नाय फुगत."

"ताडी? माझ्या घरात? समोर देव बसलेत, दिसतात ना?"

"देवाला कशाला सांगतेस?" गंगुबाई म्हणाल्या, आणि सल्ला नाकारला गेल्याचं दुःख चेहऱ्यावर घेऊन निघून गेल्या. हे दुःख पुढं फार महागात पडणार होतं.

रखमाबाईंनी दुकानातून आणलेलं यीस्टच घेतलं. उकड काढली. उकड म्हटलं की ती गरम असतानाच मळायची, हा कोकणचा कायदा. हाताला चटके बसतात म्हणून जिचा हात मागं येतो तिला सासरी किंमत नाही. त्यामुळं वाफाळती उकड त्यांनी मैद्यात ओतली, यीस्ट ओतलं, साखर घातली आणि चटके सोसत असा काही गोळा मळला की बघणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी यावं. मग पातेलं महिपतरावांच्या शालीत गुंडाळलं, वरून त्यांची कानटोपी घातली, आणि ऊब मिळावी म्हणून इन्व्हर्टरवर ठेवलं. महिपतराव दोनदा दचकले. लांबून ते पातेलं त्यांच्यासारखंच दिसत होतं.

संध्याकाळपर्यंत पीठ जसंच्या तसं. रखमाबाईंनी तरीही ते कुकरमध्ये खाली मीठ पसरून, शिट्टी काढून, भाजलं. जे बाहेर आलं त्याला सुरी लागेना. महिपतरावांनी ते चहात बुडवलं. चहा संपला, पाव तसाच राहिला.

"आजी," संचिता हळूच म्हणाली, "तू उकड गरम घातलीस का? यीस्ट जिवंत असतं गं. गरमीनं मेलं ते."

रखमाबाईंचा हात थांबला. "जिवंत म्हणजे? किडे?"

"किडे नाही. म्हणजे... बुरशीसारखं असतं. पण जीव असतो त्यात."

"आणि आज एकादशी आहे!" रखमाबाईंनी दोन्ही कानांना हात लावले. "कार्टे, आधी सांगता येत नव्हतं? अठ्ठेचाळीस वर्षं धरली मी एकादशी. साधं अंडं येऊ दिलं नाही दारात. आणि आज एवढ्या लाखो जिवांना या हातांनी उकडीत घातलं!"

त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं आणि त्या अनोळखी जिवांच्या नावानं तुळशीपाशी एक जास्तीची उदबत्ती लावली. ते जीव भाजताना तसेही मरतातच, हे संचिताच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. कुठं गप्प बसायचं हे कळलं की शिकल्याचं सार्थक झालं म्हणायचं. तो पाव वाया मात्र गेला नाही. बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटायचं, ते त्या दिवसापासून थांबलं.

मग द्वादशीपासून खरी लढाई सुरू झाली. रोज एक गोळा. एकात साखर जास्त, एकात मीठ विसरलेलं, एक शालीत ठेवून रखमाबाई हळदीकुंकवाला गेल्या तो आठ तास शालीतच राहिला. आता पीठ फुगायला लागलं होतं, पण फुगलेलं भाजायचं कशात याचा पत्ता नव्हता, त्यामुळं घरात जिकडं तिकडं पिठाची पातेली. एक कपड्यांच्या कपाटात, एक टीव्हीच्या मागं, एक देवघराच्या खालच्या कप्प्यात. आंबलेल्या पिठाचा वास बाथरूमच्या डक्टमधून वर चढला, आणि पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याची हातभट्टी झाली.

सोसायटीकडं लेखी तक्रार आली. आणि सोसायटीचे सचिव होते महिपतराव.

इथं महिपतरावांविषयी दोन शब्द. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या आयुष्यात हुकूम सोडण्याची एकच जागा उरली होती, ती म्हणजे सोसायटीचा नोटीस बोर्ड. घरात त्यांना मीठसुद्धा विचारून घ्यावं लागे. पण 'आदेशावरून, सचिव' असं लिहून खाली सही केली की त्यांची मान दोन दिवस ताठ राहायची. तक्रार लेखी आहे म्हटल्यावर नोटीस लावणं भाग होतं. सदनिका क्रमांक तीनशे चार म्हणजे आपलंच घर, हे त्यांना माहीत होतं. पण कायद्यापुढं घर नसतं, असं ते स्वतःला म्हणाले. बायको त्या वेळी अंघोळीला गेली होती, म्हणून जरा मोठ्यानंच म्हणाले.

नोटीस लिहून झाली. आता ती लावायची कशी? बोर्डाला काचेचं दार आणि दाराला कुलूप. किल्ली चेअरमन काळुरामांकडे, आणि काळुराम गावाला. बोर्डाबाहेर, लिफ्टशेजारच्या भिंतीवर लावायची तर खिळे ठोकायला मनाई. ती मनाई महिपतरावांनीच मागच्या वर्षी नोटीस काढून केलेली. डिंकाची बाटली आणायची तर व्हाउचर लागणार, व्हाउचरवर चेअरमनची सही लागणार, आणि काळुराम गावाला. असे सगळ्या बाजूंनी नियमांत अडकलेले महिपतराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले, आणि ओट्यावर त्यांना एका वाटीत पांढरीशुभ्र, गुळगुळीत, निवत ठेवलेली खळ दिसली.

महिपतरावांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली. मैद्याची खळ! अठ्ठेचाळीस वर्षांत प्रथमच बायकोनं त्यांच्या सार्वजनिक कामाची दखल घेतली होती, आणि तीही न सांगता. तोंडानं फटकळ असली तरी आतून माया आहे, असं मनाशी म्हणत ते वाटी घेऊन खाली गेले.

रखमाबाई अंघोळ करून आल्या तर ओटा रिकामा. एकादशीचा धडा घेऊन त्यांनी आज उकड मुद्दाम निववत ठेवली होती. यीस्ट कोमट दुधात फसफसत वाट बघत होतं.

"रसिका, वाटी घासलीस?"

"नाही हो आई. मी हातसुद्धा लावला नाही."

तेवढ्यात गंगुबाईंनी दारातून डोकं आत घातलं. "रखमाबाय, खाली ये. तुझं नाव लागलंय."

खाली लिफ्टशेजारी तीन-चार बायका उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या. रखमाबाईंना छापलेलं वाचायला वेळ लागतो, हातानं लिहिलेलं तर बोट ठेवूनच वाचावं लागतं. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत निघाल्या.

"सर्व सभा... सभासदांस कळ... कळविण्यात येते की, सदनिका क्रमांक तीनशे चार मधून... आंबूस वास येत असल्याची लेखी तक्रार... सदर प्रकार त्वरित बंद करावा... अन्यथा नियमानुसार कार... कारवाई..."

कागदाच्या कडेला बोट चिकटलं. त्यांनी ते सोडवलं, नाकाशी नेलं. मग सगळ्यांच्या देखत जिभेला लावलं.

दूध. मैदा. अर्धा चमचा साखर.

माणूस स्वतःचा आवाज विसरेल, स्वतःच्या हाताची चव विसरत नाही. आपलं नाव चव्हाट्यावर टांगलं गेलं याचं रखमाबाईंना काही वाटलं नाही. तसं त्यांचं नाव कैक वेळा घेतलं गेलं होतं, आणि घेणाऱ्यांची पुढं काय गत झाली ते शहाडला सर्वांना माहीत आहे. पण आपली उकड! आपल्याच उकडीनं आपल्याच विरुद्ध चिकटवलेली नोटीस!

"तक्रार कुणी दिली?" त्यांनी वळूनही न बघता विचारलं.

"मीच दिली गो," गंगुबाई मागून म्हणाल्या. लपवाछपवी त्यांना ठाऊक नाही. "ताडी घाल सांगितलं तेव्हा नाक मुरडलंस, न आता वास कसला येतोय? पाचव्या माळ्यावरच्यांची सही घेतली, मला सही येत नाय म्हणून."

"बरं केलंस. तुझ्याशी नंतर बोलते. आधी घरच्याशी बोलते."

घरी महिपतराव कौतुकाची वाट बघत बसले होते. "मी सचिव म्हणून लिहिलं," ते म्हणाले, "नवरा म्हणून नाही."

"मग आजपासून सचिवांनी सोसायटीच्या ऑफिसात जेवावं," रखमाबाई म्हणाल्या. "नवरा परत आला की त्याचं पान वाढते."

सोसायटीचं ऑफिस म्हणजे मीटरच्या खोलीतली एक खुर्ची. सचिव दोन दिवस चहावाचून राहिले. तिसऱ्या दिवशी नवरा सुरी घेऊन नोटीस खरवडायला गेला, तर नोटीस निघेना. कोपरा निघाला, अक्षर निघालं नाही. ओल्या फडक्यानं पुसली तर भिंतीचा रंग निघाला, नोटीस तिथंच. रखमाबाई वरून जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. रागात होत्या, तरी मनात म्हणाल्या, उकड बाकी नामी जमली होती.

दिवस भराभर जात होते. कुकरमध्ये काही तो पाव उमलत नव्हता. मग त्यांना विठ्ठलवाडीचा साईनाथ बेकरीवाला आठवला. दिवाळीला सगळी आळी त्याच्याकडे नानकटाई भाजायला नेते. आपलं तूप, आपलं पीठ, आपली साखर, त्याची फक्त भट्टी. पत्र्यावर कोपऱ्यात ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी खोचलेली. रखमाबाईंनी तशीच चिठ्ठी खोचून गोळा नेला. साईनाथनं तो आपल्या पावांबरोबर धगधगत्या भट्टीत ढकलला, आणि सात मिनिटांत बाहेर काढला. वरून कोळसा, आतून खीर. चिठ्ठीसुद्धा जळून गेली होती, पण कुणाचा आहे हे विचारायची गरज नव्हती.

"मावशी," साईनाथ डोकं खाजवत म्हणाला, "माझी भट्टी पाव ओळखते, नानकटाई ओळखते. हे पाहुणे नाजूक आहेत. यांना ओव्हन लागतो, गपचूप गरम करणारा."

तो शनिवार होता. रविवार उद्यावर आला होता.

"आई, एक बोलू का?" रसिका म्हणाली. "पीठ तुम्हाला जमलंय. आता फक्त ओव्हन हवा. नीलाताईंकडे आहे की. पीठ मळून तिकडंच नेऊ."

"शत्रूच्या चुलीवर माझा पाव भाजू?"

"शत्रू कसल्या, आजी? माझी सासू होणार आहे ती," संचिता म्हणाली. तिच्या आवाजात पाणी होतं. एसी क्लब हाऊस असो की शहाडची गच्ची असो, तिला दोन्हीकडे मुकुलच मिळणार होता. तिला भीती होती ती आजी गप्प बसण्याची. आजी ज्या समारंभात ब्र काढणार नाही, त्या समारंभात आपण अंगठी घालायची कशी?

रखमाबाईंनी ते ऐकलं. मग बराच वेळ त्यांनी विचार केला, म्हणजे दोन वांगी चिरली. "पीठ माझं," त्या म्हणाल्या. "हात माझे. राहता राहिला अग्नी. अग्नी देव आहे. तो कुणाच्या घरी असला म्हणून कुणाच्या मालकीचा होत नाही. चला."

रविवारी सकाळी निवलेली उकड घालून गोळा मळला, मोठ्या स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं, शाल, कानटोपी. सुदेश गाडी चालवायला, संचिता त्याच्या शेजारी, मागं रसिका, रखमाबाई आणि मांडीवर डबा घेतलेले महिपतराव. त्यांना मध्ये बसवलं होतं, म्हणजे डब्याला दोन्हीकडून ऊब.

कापूरबावडीपर्यंत सगळं ठीक होतं. पुढं घोडबंदर रोड लागला आणि गाडी थांबली. ती थांबली म्हणजे काय, तिनं तिथं मुक्कामच केला. पुढच्या बसमधला माणूस उतरला, पेरू घेतले, खाल्ले, परत बसमध्ये चढला. गाडीत ऊन तापत होतं. रखमाबाईंना इन्व्हर्टरवर, कपाटात, देवघरात शोधूनही मिळाली नव्हती एवढी ऊब पिठाला घोडबंदर रोडनं दिली.

"आई," महिपतराव बऱ्याच वेळानं म्हणाले. घाबरले की ते बायकोला आई म्हणतात. "हे हलतंय."

झाकण कानटोपीसकट वर आलं होतं. आतून पांढरं पीठ हळूच डोकावत होतं. रखमाबाईंनी एक चापट मारली. पीठ खाली बसलं. दहा मिनिटांनी पुन्हा वर. पुन्हा चापट. तिसऱ्या वेळी ते डब्याच्या कडेवरून महिपतरावांच्या पँटवर उतरलं, आणि गाडीत असा वास सुटला की सुदेशनं चारही काचा खाली केल्या.

नेमका तेव्हाच ट्रॅफिक हवालदार खिडकीशी आला. त्यानं आत नाक घातलं, आणि ते तसंच ठेवलं.

"कोण प्यायलंय?"

"कोण पिणार? आम्ही माळकरी... म्हणजे माळ नाही, पण हे सुपारीसुद्धा खात नाहीत!" रखमाबाईंनी डबा महिपतरावांच्या मांडीवरून उचलून हवालदाराच्या तोंडासमोर धरला. पिठानं त्याच्यासमोर एक मोठा बुडबुडा काढला आणि फोडला. "चायनाचा पाव आहे. नातीच्या साखरपुड्याचा. घ्या, वास घ्या. हवं तर चव घ्या."

हवालदारानं पिठाकडे पाहिलं, महिपतरावांच्या पँटकडे पाहिलं. "आजी, तुम्ही पुढं व्हा," तो म्हणाला. जायला वाट असती तर ते झालेही असते.

दीड तासानं बाविसावा मजला. नीलाताईंनी दार उघडलं. समोर शाल पांघरलेला, कानटोपी घातलेला डबा, आणि त्यामागं पांढऱ्या पँटचे महिपतराव. रखमाबाईंनी मान वर ठेवूनच सांगितलं, "पीठ झालंय. तुमची आग हवीय फक्त."

"हो, या ना," नीलाताई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा जरासा उतरला. स्वयंपाकघरात त्या ओव्हनसमोर उभ्या राहिल्या, मग आडव्या उभ्या राहिल्या, आणि शेवटी नाइलाजानं त्यांनी तो उघडला.

आत दोन कढया, एक तवा, कुकरच्या जुन्या रिंगा, आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी गच्च भरलेली एक प्लास्टिकची पिशवी.

रखमाबाई त्या पिशवीकडे बघत राहिल्या. अगदी तशीच पिशवी शहाडला त्यांच्या सिंकखाली होती. बाविसाव्या मजल्यावरसुद्धा पिशव्यांची पिशवी असते, हे बघून पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा श्वास मोकळा झाला.

"वापरत नाही मी," नीलाताई कढया काढत, बाहेर बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या. "लॉकडाऊनमध्ये हा ब्रेड चार वेळा केला, आजी. चारही वेळा दगड. शेवटी हे म्हणाले, नीला, बेकरीवाल्यालाही जगू दे ना. मुकुल हसला. तेव्हापासून..." त्यांनी ओव्हनचं दार पुसलं, जिथं काही डाग नव्हता तिथंही पुसलं.

रखमाबाईंना तो आवाज ओळखीचा वाटला. लिफ्टपाशी बोट ठेवून वाचताना त्यांचा स्वतःचा आवाज असाच निघाला होता.

"दगड म्हणजे कसला? दाराला लावता येईल असला?"

"एक अजून गॅलरीत आहे. कुंडीखाली."

"पिठाची उकड काढून घातली होतीस?"

"हो, तेच तर टेक्निक. दुधात शिजवायचं, लगेच मिसळायचं..."

"गरमच?"

"गरमच."

"मेलं मग ते," रखमाबाई म्हणाल्या. "सांग बरं, एकादशी होती का त्या दिवशी?"

आपण कधी 'तुम्ही'वरून 'तू'वर उतरलो हे त्यांना कळलं नाही, आणि नीलाताईंनीही दाखवलं नाही. दोघींनी मिळून पीठ ओट्यावर काढलं, त्याची हवा दाबून काढली, लांब वळ्या केल्या, साच्यात एकीला एक लावून ठेवल्या. मग ते पुन्हा फुगेपर्यंत बसून राहिल्या. साखरपुड्याबद्दल एक शब्द कुणी काढला नाही. पाव भाजताना स्वयंपाकघरातून गोडसर वास दिवाणखान्यात गेला, आणि तिकडची बोलणी एकेक करून बंद पडली.

पाव बाहेर आला. सोनेरी, फुगलेला. एका बाजूला जरा बसला होता, घोडबंदर रोडवरच्या चापट्यांचा तो वळ. ती बाजू रखमाबाईंनी भिंतीकडे केली. सगळे भोवती उभे राहिले. संचितानं मुकुलचा हात धरला होता. रखमाबाईंनी बोट पुढं केलं, दाबलं, काढलं.

खळगा पडला. तो तसाच राहिला, राहिला... आणि हळूहळू, एखाद्या म्हाताऱ्यानं खुर्चीतून उठावं तसा, पाव वर आला.

महिपतरावांनी सुटकेचा श्वास टाकला की निराशेचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"साखरपुडा शहाडला," नीलाताई म्हणाल्या. "गच्चीवर."

आता सर्वांनी रखमाबाईंकडे पाहिलं. जिंकल्यावर त्या काय काय बोलतील, याची तयारी सुदेशनं वाटेतच केली होती. पण रखमाबाई पावाचा तुकडा नीलाताईंच्या हातावर ठेवत एवढंच म्हणाल्या, "जेवणाचं सगळं मी बघते. पण पाव तू करून आणायचास. आणि बेकरीतला आणलास तर मला चवीवरून कळेल."

साखरपुड्याच्या दिवशी विहीणबाईंच्या स्वागताला रखमाबाई खाली लिफ्टपाशी उभ्या होत्या, हातात कुंकवाचा करंडा. नोटीस अजून भिंतीवरच होती. तिच्यावर रसिकानं झेंडूचं जाडजूड तोरण सोडलं होतं. गाड्या आल्या. सर्वांच्या पुढं नीलाताई, नऊवारीत, आणि त्यांच्या हातात शालीत गुंडाळलेला डबा.

रखमाबाईंनी आधी कुंकू लावायचं की आधी झाकण उघडायचं, याचा विचार केला नाही. झाकण उघडलं. दाबलं. वर आला. एक तुकडा तोंडात टाकला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा घेतला.

नीलाताई नवऱ्याकडे, मधुकररावांकडे, वळून अशा हसल्या की त्यांनी बेकरीचं नाव परत कधी काढलं नसेल. आणि त्या हसण्याच्या भरात त्यांचा खांदा तोरणाला लागला. तोरण एका बाजूनं सुटून लोंबलं. नीलाताई वाचू लागल्या. त्यांना बोट ठेवावं लागलं नाही.

"'सदनिका क्रमांक तीनशे चारमधून आंबूस वास'... आजी, हे तुमचंच घर ना?"

महिपतराव मांडवाच्या दोऱ्या बघायला घाईनं वर निघून गेले. गंगुबाईंनी नवी साडी सारखी केली. "तक्रार माझीच आहे," त्यांनी आपणहून सांगून टाकलं.

"मग काढली का नाही?" नीलाताईंनी नखानं कोपरा उचलून पाहिला. उचलला गेला नाही. "कशानं चिकटवलंय हे?"

"आपल्या उकडीनं," रखमाबाई म्हणाल्या. "आमच्या घरचं आहे बाई. एकदा चिकटलं की सुटत नाही. मुकुलला सांगून ठेव, पोरगी त्याच घरची आहे."

मग त्यांनी लोंबणारं तोरण उचललं. पुन्हा नोटिशीवर टाकण्याऐवजी त्यांनी ते तिच्या चारही बाजूंनी, फोटोला हार घालावा तसं, नीट बसवलं, आणि वर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वाचता यावं म्हणून स्वतः जरा बाजूला उभ्या राहिल्या.